सात नंबरचं पिंप

सात नंबरच्या पिंपावर पांढरा, सुरकुतलेला थर आला होता. मी मान फिरवून विचारलं, हे पिंप कुणी धुतलं? पिंपं धुणाऱ्या भागीरथीकाकू पुढे आल्या.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी रत्नागिरीत अप्पांच्या लोण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. मलई काढलेल्या दुधातून आम्ही केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, काढायचो. ते बटणं करणाऱ्यांकडे जाई. मागे उरणारं हिरवट पाणी म्हणजे निवळ. ती गटारात जायची. तिच्यात जिवाणू वाढवून लॅक्टिक ॲसिड करायचं, ते कातडी कमावणारे घेतील, ही माझी कल्पना. पण दोन महिने झाले तरी ॲसिड वाढेना. अप्पांनी आठवड्याची मुदत दिली होती.

काकूंनी पिंपाच्या तळाशी जुनी निवळ राखली होती, घरी विरजण राखतात तशी. त्यातून यीस्ट, म्हणजे ताडी फसफसवणारी बुरशी, माजली होती. मी सगळ्यांसमोर त्यांना बोललो. अप्पांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या पदर खोचून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पिंप ओतण्याआधी सवयीने मी नमुना काढला. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचनळीतून, थेंब थेंब अल्कली सोडून आंबटपणा मोजला. इतर पिंपांच्या जवळजवळ दुप्पट. तीनदा केलं, तेच. मायक्रोस्कोपखाली गोल यीस्ट आणि काडीसारखे जिवाणू शेजारी शेजारी दिसले. यीस्टचं सत्त्व खाऊन जिवाणू जोमाने वाढत होते.

अप्पा खूश झाले. "बाईला बोलवा," म्हणाले, "पण चूक तुमची होती हे बोलू नका. केमिस्टचं वजन राहायला हवं."

संध्याकाळी मी काकूंच्या घरी गेलो. त्या दारापुढच्या खळ्यात वाळत घातलेली सुकी मासळी आवरत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"काल सगळ्यांपुढं बोललांत," त्या म्हणाल्या. "आज एकटेच इलांत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपांपाशी सगळ्यांना गोळा करून मी चूक कबूल केली. अप्पा दारातून बघत होते. माझं वजन किती घटलं, ठाऊक नाही. काकूंनी झाडू उचलला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

त्यानंतर सगळी पिंपं सात नंबरच्या विरजणावर चालली. कारखाना पुढे सहा वर्षं टिकला. मग केसीनची मागणीच गेली. मी मुंबईत मोठमोठ्या लॅब पाहिल्या. तो आंबूस वास आणि काकूंचं 'बाजूला व्हा' मात्र तिथे कुठेच नव्हतं.

ब्युरेट भरण्याआधी कुणावर ठपका ठेवायचा नाही, एवढं मात्र शिकलो.