नळ मीच बंद केला होता

मंडळी, आज सकाळी इथे जपानात, सेंदाईतल्या आमच्या घरात पाणीच नव्हतं. पाइप गोठला होता.

रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवा, म्हणजे गोठत नाही, असं घरमालकीणबाईंनी काल बजावलं होतं. मी ठेवलाही होता. पण झोपेत उठून कोणीतरी तो घट्ट बंद केला. नवरा म्हणाला, "मी नाही." म्हणजे मीच.

भूकंपासाठी साठवलेल्या बाटल्यांतलं पाणी कोमट केलं आणि पाइपला टॉवेल गुंडाळून त्यावर ओतत बसले. तेवढ्यात सोलापूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं दाखवलं.

बोलता बोलता नळ खाकरला आणि धार लागली. आई लगेच म्हणाली, "बंद कर गं, वाया चाललंय."

तेव्हा कळलं, रात्री मी का उठले. लहानपणी सोलापूरला आमच्याकडे चार दिवसांनी पाणी यायचं. नळ वाजला की जाग यायची, आई बादल्या लावायची आणि शेवटची भरली की मला हेच सांगायची.

आज रात्रीही नळ चालू ठेवायचाय. तुम्हाला त्या आवाजात झोप लागते का? मी कानात कापूस घालणार होते. आता नाही घालणार; जाग आली तर सोलापूरचा तो आवाज ऐकत पडून राहीन.