खंडेनवमीला वाचलेला कागद

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी फोरमन होतो. डिप्लोमा झालेला, तिशीच्या आतला, आणि डोक्यात हवा. माणसं कशी सांभाळावीत याबद्दल माझी काही मतं होती — ती मी कागदावर उतरवली. चांगली घोटून, सुवाच्य अक्षरात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, नारळ फुटला, आणि मी तो कागद सगळ्यांसमोर वाचला. कुणावर आवाज चढवणार नाही. ज्याला काम कळतं त्याचं ऐकेन. माझ्या माणसावर बालंट आलं तर मालकापुढं मी उभा राहीन. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

दत्तोबा साचे करायचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. हातात प्रसाद घेऊन म्हणाला, "सायेब, हत्याराम्होरं वाचलासा. आता ह्ये मोडायचं न्हाय." मला फार बरं वाटलं.

त्याच थंडीत इंजिनाच्या भागांची घाई लागली. दत्तोबा म्हणाला, साचे अजून ओले हाईत, आज ओतू नगा. मी ऐकलं? छे. "ओता म्हणतो ना," असं ओरडलो त्याच्यावर. ओतलं. सगळा माल भोकाभोकांचा निघाला, भंगारात गेला.

मालकांनी मला आणि दत्तोबाला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही तिघंच. "साचे कुणाचे?" एवढंच विचारलं त्यांनी. ओतायला कुणी सांगितलं, हे विचारलंच नाही — आणि मी बुटांकडं बघत राहिलो. दत्तोबा माझ्याकडं बघत होता. वाट बघत होता हो, मी बोलेन म्हणून. मग तोच म्हणाला, "माझं हाईत."

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

मला कसली भीती होती? माझी नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. त्याला नाही मिळाली. तो राधानगरीकडं, गावी गेला. दुसऱ्याच्या म्हशी राखायचा म्हणे — जन्मभर साचे केलेला माणूस.

आणि खरी लाज पुढंच आहे. जाताना तो बाकीच्यांना सांगून गेला होता, "सायबानं माझ्यासाठी लय भांडून बघितलं. मालकच ऐकंना." का सांगितलं असेल त्यानं? त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडू नये म्हणून? की माझी कीव आली? विचारायला मी कधी गेलो नाही. एस.टी.नं दोन तासांचा रस्ता होता. तो वारल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही.

पुढं कितीतरी वर्षं त्या माणसांनी मला मान दिला. कुणी नवीन कामाला लागला की त्याला सांगायची, आमचा सायेब दत्तोबासाठी मालकाशी भांडला हुता. मी तिथंच उभा असायचो. ऐकून घ्यायचो.