एकट्या म्हातारीला पाच घरची भाजी

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, पण पवनी तालुक्यातली ती हरवलेली मुलगी अजून मनातून जात नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. धानाची मळणी आटोपली होती, गावोगावी लग्नं ठरत होती. सकाळची हजेरी होते न होते तोच एक शेतकरी ठाण्यात आला. "साहेब, माही पोट्टी तीन दिवसापासून गायब हाये. तिच्या सावत्र मायनंच तिचं बरंवाईट केलं." मुलगी पंधरा वर्षांची. मी हरवल्याची नोंद घेतली. खरं सांगतो, 'सावत्र' हा शब्द लिहितानाच माझा अर्धा तपास संपला होता.

विहिरी पाहिल्या, गावची बोडी, म्हणजे लहान तळं, धुंडाळली. काही मिळालं नाही. मग पोलीस पाटलाच्या ओसरीवर त्या सावत्र आईची चौकशी केली. तासभर विचारलं, दरडावलं. उत्तर एकच, "मले मालूम नाही जी." गुन्हेगार घाबरतो, नाहीतर बडबडतो. ही नुसती बसून होती. मला त्याचंच नवल वाटलं.

जेवणाची वेळ झाली. ओसरीवरून गल्ली दिसत होती. शेजारी एकमेकांकडे भाजीची वाटी पाठवतात आणि आलेली वाटी कोणी रिकामी परत करत नाही. इथे पाच घरांतून पाच वाट्या एकाच एकट्या म्हातारीकडे गेल्या आणि पाचही रिकाम्या परतल्या. अरेच्चा! दात पडलेली बाई खाते तरी किती?

तिच्या दारात गेलो. म्हातारी दार अडवून उभी राहिली. तिच्या मागून एक मुलगी पुढे आली, हातात शाळेचं पुस्तक.

"माह्या मायले नेऊन राहिले का?" ती रडतच म्हणाली. "बापानं चाळिशीतल्या बिजवराशी माह्यं लगन ठरवलं. मायनंच मले इथं ठेवलं. तिले नका नेऊ."

मला शरम वाटली. ते लग्न कायद्यात बसतच नव्हतं. बापाकडून लेखी हमी घेतली, पोलीस पाटलाला लक्ष ठेवायला बजावलं. मुलगी पुढे दहावी झाली. सावत्र आईची माया खरी होतीच, पण गल्ली पाठीशी नसती तर ती एकटी किती दिवस टिकली असती?

त्या दिवशी निघताना मी म्हातारीवर चिडलो. "आजी, आम्हाला सरळ सांगायचं होतं की!"

"सांगतलं असतं तं तुमी काय केलं असतं जी?"

मुलीला बापाच्या ताब्यात देऊन, त्याची सही घेऊन, मी प्रकरण बंद केलं असतं.