हिव न बाधणारा आंबा

कमलाकरराव झाडांना कूळ विचारायचे. आंबा दिसला की पहिला प्रश्न, "याचे आईबाप कोण?" माळी "गावठी हाय, साहेब" म्हणाला की नाक मुरडून पुढे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या अमदानीत, बुलढाण्याच्या घाटावरच्या एका सरकारी बागेचे ते प्रमुख होते आणि मी त्यांचा कारकून. आनुवंशिकतेवर त्यांनी नागपुरात दोन पुस्तकं वाचली होती. एकही वाचलं नसतं तर जिल्ह्याचं भलं झालं असतं.

त्यांना पहाटे कढत पाणी लागे. किसन माळी न्हाणीमागे चूल पेटवून हंडा चढवी. चुलीला लागूनच आंब्याचं एक कलम होतं. एका पौषात असं हिव पडलं की बागेतली सगळी कोवळी कलमं काळी ठिक्कर पडली. चुलीजवळचं तेवढं हिरवंगार. साहेबांनी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

"याच्या रक्तातच आहे! थंडी याला शिवत नाही."

"साहेब, तिथं रोज जाळ राह्यते ना," किसन म्हणाला. "त्याच्या उबीनं वाचलं ते."

"किसन, शास्त्र बोलतं तेव्हा माळ्यानं ऐकावं." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. समोर माळी नसला तरी ते म्हणत.

किसनने मला बाजूला घेतलं. "बाबू, तुमी तरी सांगा त्याईले." त्याचं म्हणणं मला सोळा आणे पटलं होतं. तरी मी मुकाट्याने अहवाल लिहिला, 'हिव न बाधणारी जात'.

त्या झाडावरून बांधलेली चाळीस कलमं माझ्या शब्दावर मोताळ्याच्या मामाने घेतली. साहेब जातीने शेतावर आले. बांधावर मामाच्या आज्याने लावलेले तीन गावठी आंबे होते: शेंदऱ्या, खोबऱ्या आणि गोटी. कैक हिवाळे त्यांनी पाठीवर झेलले होते.

"यांचा पराग मिसळला तर पुढचं बी बाटेल. तोडा."

"भरल्या झाडाले काऊन तोडता हो?" मामी कळवळून म्हणाली. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दोन दिवसांत तिन्ही झाडं आडवी झाली.

दुसऱ्याच हिवाळ्यात चाळीसही कलमं करपली. साहेबांनी एक पान चुरगळलं, "तुमच्या जमिनीतच खोट आहे" म्हणाले आणि टांग्यात बसले. पुढे त्यांना बढती मिळाली. अशांना मिळतेच.

टांगा गेल्यावर मामा बांधावरच्या एका तोडलेल्या बुंध्यावर टेकला. मग म्हणाला, "भाच्या, तुले काही ठाऊक होतं का रे?"

कमलाकररावांना मी जन्मभर मूर्ख म्हणत आलो, अजूनही म्हणतो. पण ते जे बोलले ते त्यांना खरंच वाटत होतं. मी मात्र मामाच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही, मामा."