दीडशेच्या वर थरथरणारं हँडल

या गोष्टी नेमक्या अशाच घडल्या का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. माझी स्मरणशक्ती पूर्वीही बेताचीच होती. आता तर गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येतो. पण मैलापूरच्या त्या गॅरेजचे किस्से डोक्यात साचत गेले आहेत. इंजिन पुन्हा जोडून झालं की दोन-चार वॉशर उरतात ना, तसे. कुठले ते आठवत नाही आणि फेकवतही नाहीत!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वाहनांचं गतिशास्त्र शिकवून मी चेन्नईतच निवृत्त झालो होतो. गॅरेज होतं रघुरावांचं, आणि मी तिथे रोज जाऊन बसायचो. हे तंजावरकडचं मराठी घराणं. बायकोशी तमिळ, देवाशी संस्कृत आणि माझ्याशी मराठी! तिथे गाडी घेऊन येणारा समीर मूळचा सांगलीचा, नोकरी पेरुंगुडीला आयटीत. त्याने एक जपानी स्पोर्ट बाइक सेकंडहँड घेतली होती. दिसायला देखणी, पण दीडशेच्या वर गेली की पुढचं चाक डावी-उजवीकडे थरथरायचं आणि हँडल हातातून सुटायला बघायचं.

याला वॉबल म्हणतात. त्यावर मी वर्गात वर्षानुवर्षं बोललो होतो. अनुभव मात्र शून्य.

एका शनिवारी समीरची बायको मंजिरी गॅरेजमध्ये आली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, समीरने कबूल केलंय. गाडी नीट झाली असं तुम्ही म्हणालात, तर तो ट्रॅकवर नेईल. नाही म्हणालात, तर विकून टाकेल. तुमचा शब्द शेवटचा."

"त्याला स्वतःला काय वाटतं?"

"त्याला काय वाटणार! तो कोपऱ्यावर दही आणायलासुद्धा रेस लावून जातो."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

पहिला संशय टायरमधल्या हवेवर. रघुरावांच्या गेजने एक आकडा दाखवला, पेट्रोल पंपावरच्या गेजने दुसरा. मग मी मोठ्या विश्वासाने माझं स्वतःचं गेज आणलं. त्याने तिसराच दाखवला!

मी बराच विचार करून म्हणालो, "आपण सरासरी घेऊ."

समीर म्हणाला, "सर, एक डॉक्टर मलेरिया म्हणाला, दुसरा कावीळ, तिसरा फ्रॅक्चर, तर तुम्ही सरासरीवर औषध घ्याल?"

नवीन गेज आणलं. हवा बरोबर भरली. हँडल दीडशेला पुन्हा थरथरलं.

*

मग समीरने इंटरनेटवरून शोध लावला, स्टीअरिंग डॅम्पर बसवायचा. हँडलचा झटका शोषून घेणारी ती एक नळी.

मी म्हणालो, "ती तापावरची गोळी झाली. ताप कशाने येतो ते आधी कळायला नको?"

"सर, गोळी घेऊन झोपून शोधू की!"

हे मला पटत होतं, हीच पंचाईत! रात्रभर विचार करून मी सकाळी नको म्हणालो. दुपारी वाटलं, हो म्हणायला हवं होतं. संध्याकाळी समीरला फोन लावला आणि तब्येत विचारून ठेवून दिला.

*

पुढचं चाक उचलून त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे फोर्क मागे-पुढे ओढले, तर टक्‌ असा आवाज आला. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं, तेच सैल! आम्ही तिघं इतके खूश झालो की रघुरावांनी कॉफी मागवली. त्या खुशीतच त्यांनी ते बेअरिंग जरा सढळ हाताने आवळलं आणि ट्रायल घ्यायला निघाले.

आता बेअरिंग फार आवळलं, की हळू चालताना गाडी स्वतःला सावरू शकत नाही. ती रस्त्यावर नागमोडी जाते. लझ कॉर्नरला पोलिसाने रघुरावांना अडवलं. सकाळची वेळ, कपाळाला ताजं गंध, आणि पोलीस म्हणतोय, "ऊदु! ऊदु!" म्हणजे तोंडाने फुंकर मार, वास बघतो.

रघुराव आयुष्यात दारूला शिवले नव्हते. त्यांनी फुंकर मारली. पोलीस चक्रावला.

"मग गाडी अशी का चालवतोस?"

रघुराव गाडीकडे बोट दाखवून गंभीरपणे म्हणाले, "मी नाही, अय्या. वण्डि प्यायली आहे!"

गाडी ढकलत परत आली. बेअरिंग नीट बसवलं. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मंजिरीचा मेसेज आला, 'काका, हो का नाही?' मी उत्तर लिहीत बसलो. ते तीन मेसेजएवढं लांब झालं, म्हणून पाठवलंच नाही.

*

त्यानंतर माझं लक्ष गेलं फोर्कच्या वरच्या टोकांकडे. ती हँडलजवळच्या क्लॅम्पमधून चांगलीच वर आली होती. समीर म्हणाला, रेसिंग लूकसाठी त्यानेच ती वर सरकवून घेतली होती. म्हणजे गाडीचं नाक खाली गेलं होतं. अशी गाडी झटकन वळते, पण सरळ जाताना चंचल होते.

मी आठवडाभर गणितं केली. चाकाचा व्यास, फोर्कचा कोन, जमिनीवरचं अंतर, सगळं पुन्हापुन्हा तपासलं. शेवटी फोर्क कुठे आणायला हवेत, ते मिलिमीटरमध्ये सांगितलं.

समीरने मॅन्युअल उघडलं. "सर, कंपनीने हाच आकडा छापलाय!"

"हो," मी म्हणालो, "पण आता आपल्याला त्याचं कारण माहीत आहे."

रघुराव इतके हसले की पाना हातातून पडला.

*

ट्रायल ठरली श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर. निघताना रघुरावांनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ओरडलो, "अहो, रसाने टायर निसरडा होईल!"

"होऊं दे, सार. दृष्ट तर जाईल."

लिंबू फुटलं. मी रुमालाने टायर पुसला. मग मला राहवेना.

"मागच्या चाकाखाली का नाही ठेवलंत?"

"मागच्याची तक्रार नाही ना, सार!"

मी कोपऱ्यावर जाऊन आणखी एक लिंबू घेऊन आलो.

*

ट्रॅकवर मंजिरी कुंपणाशी माझ्या शेजारी उभी होती. समीर हेल्मेट घालून वाट बघत होता.

"काका, हो का नाही?"

"हे बघ, टायर गरम झाल्यावर, वारा आडवा नसेल तर, आणि साधारणपणे..."

"एका शब्दात, काका."

"हो," मी म्हणालो. तो शब्द माझाच होता का, अशी मला लगेच शंका आली.

समीरने दोन फेऱ्या सावकाश घेतल्या. तिसऱ्या फेरीला तो समोरच्या सरळ पट्ट्यावर आला आणि त्याने गाडी पूर्ण सोडली. बरोबर आमच्यासमोर रस्त्याला एक उंचवटा होता. त्यावरून जाताच हँडल थरथरलं! मंजिरीने कुंपणाची जाळी घट्ट धरली. मी डोळे मिटले.

रघुरावांचा आवाज आला, "हात सोडले, सार! दोनीं हात सोडले!"

डोळे उघडले तेव्हा गाडी दोरी ओढल्यासारखी सरळ चालली होती. पुढच्या फेऱ्यांत ती एकदाही हलली नाही.

समीर परत आला. चेहरा पांढराफटक.

मी म्हणालो, "बरोबर! हात ताठ असले की माणूसच हँडलला झटके देतो. सैल सोडले की चाक आपली वाट शोधतं. तुला ऐन वेळी कसं सुचलं?"

"काय सुचलं? मी हात सोडलेच नाहीत!"

रघुराव शपथेवर सांगत होते, सोडले. समीर शपथेवर सांगत होता, नाही सोडले. परतीच्या वाटेवर मंजिरी एवढंच म्हणाली, "असू दे गाडी. विकू नकोस." हँडल थरथरलेलं बघूनही ती असं का म्हणाली, ते मला कळेना.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती दोघं सांगलीला परतली. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना मी मंजिरीला हळूच विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी त्याने हात सोडले होते का?"

"सोडले होते की, काका."

मी समीरकडे बघितलं. तो मान खाली घालून वरणभात कालवत होता.

मंजिरी म्हणाली, "सोडले आणि जोडले. कुंपणाकडे बघून, मला!"