दोघांचा एकच लॉगिन

पाकळी पडलीच नाही.

गुरवाने पाण्यात भिजवून मूर्तीवर पाकळ्या लावल्या होत्या. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

प्रश्न एकच होता. शाबाने ट्रकांची रांग बदलली का?

शाबा माझ्या बाजूला उभा होता. सगळ्यांनी हात जोडलेले. त्याचे हात खिशात.

ही गेल्या वर्षीची गोष्ट.

शाबा काल गेला. पार्से गावात, घरीच. हार्ट अटॅक.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी डिचोलीत मराठी शिकवतो. तो तिथेच ट्रकमालकांच्या संघटनेचं कॉम्प्युटरचं काम बघायचा. खाणीवर कुठला ट्रक कधी भरायचा, ती पाळी पूर्वी फळ्यावर लिहीत. रात्रीत नंबर बदलतात म्हणून रोज भांडणं. मग शाबाने लिनक्सचा एक सर्व्हर उभा केला आणि त्यावर की-व्हॅल्यू डेटाबेस बसवला.

"म्हणजे काय?" मी विचारलं होतं.

"ट्रकाचो नंबर सांग, तो पाळी सांगतलो. बाकी काय विचारलंस तर सांगूचो नाय."

त्याला दोन लॉगिन हवे होते. एक स्वतःला, एक सेक्रेटरींना. सेक्रेटरी म्हणजे मयेचे अनंतबाब.

अनंतबाब हसले. "आपल्यात वेगळो पासवर्ड कित्याक रे? माझ्यार विश्वास नाय?"

लॉगिन एकच राहिला.

हा डेटाबेस सगळं मेमरीत ठेवतो आणि अधूनमधून डिस्कवर उतरवतो. डिस्क भरली की तो नवीन काही घेतच नाही, एरर देतो. चांगला नियम आहे. पण एका कमांडने हा नियम बंद करता येतो. मग काम सुरळीत चालल्यासारखं दिसतं आणि डिस्कवर काहीच उतरत नाही.

डिस्क भरली होती आणि ती कमांड कोणीतरी दिली.

एका दुपारी लाइट गेली आणि मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. परत आली तेव्हा रांग जुनी होती. आमोण्याच्या जेटीवर केव्हाच रिकामे झालेले ट्रक पुन्हा पुढे आले होते. सगळ्यात पुढे शाबाच्या मामाचा.

संशयाला एवढं पुरे होतं.

शाबाने सगळ्यांना स्क्रीन दाखवली. हिस्टरीत कमांड दिसत होती. देणाऱ्याचं नाव कुठून दिसणार? लॉगिन दोघांचा.

"मी दिलंय नाय," शाबा म्हणाला.

"मगे मी दिलंय?" अनंतबाब म्हणाले. "माका तो माउस धरूक येणा नाय."

लोक हसले. हसून झाल्यावर सगळ्यांनी शाबाकडे पाहिलं.

मी अनंतबाबांना मोबाइलवर पत्ते खेळताना पाहिलंय. बोटं भराभर चालतात.

शेवटी ठरलं, कौल लावायचा. आमच्याकडे माणसांचं एकमत झालं नाही की देवाला विचारतात.

"मास्तर, तू प्रश्न नीट घालून दी," मला सांगितलं गेलं. मराठीचा मास्तर म्हणून.

शाबा म्हणाला, "दोघांचीय नावां घाल."

"देवाक एका वेळार एकच प्रश्न," अनंतबाब म्हणाले.

"मगे माझा आज विचारा. तुमचा फाल्या."

अनंतबाबांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीने सांगितलं, आधी हे होऊ दे.

आणि पाकळी पडली नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरी नाही.

मी वर पंख्याकडे पाहिलं. बंद होता. मग गुरवाकडे पाहिलं. त्याच्या भावाचेही ट्रक आहेत.

"देव बोलूक तयार नाय," गुरव म्हणाला.

पायऱ्या उतरताना शाबा म्हणाला, "निल."

"म्हणजे नाही?"

"नाही म्हटलां तर ता उत्तर झाला. डेटाबेस निल म्हणता म्हणजे तू विचारलंस त्या नावाखाली कायच ठेवलेला नाय."

मला वाटलं, तो सुटला.

लोकांना वाटलं, देवसुद्धा त्याला निर्दोष म्हणायला तयार नाही.

दुसरा प्रश्न कोणी कधी विचारला नाही.

त्याला कामावरून काढलं नाही, कारण सर्व्हर दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हता. फक्त त्याच्या मागे एक खुर्ची ठेवली. तिथे आळीपाळीने एकेक मेंबर बसायचा.

"ह्यां आता काय लिवलंस?" एकाने विचारलं.

"क्लिअर."

"काय क्लिअर केलंस?"

"स्क्रीन."

मेंबर उठून अनंतबाबांना सांगायला गेला.

शाबाने डिस्क साफ केली. प्रत्येक बदल लगेच फाइलमध्ये लिहिला जाईल अशी सोय केली. मग वेगळे लॉगिन पुन्हा मागितले.

"आता कित्याक?" अनंतबाब म्हणाले. "झाला ता झाला."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

एकदा चहा पिताना शाबाने मलाच विचारलं. "तुका काय वाटता?"

"तू केलं नाहीस."

"वाटता मां? म्हायत नाय."

त्याने पाव चहात बुडवला आणि खाल्ला. विषय संपला.

आजही मला वाटतं. माहीत नाही.

काल स्मशानात मामा एका कोपऱ्यात उभे होते. त्यांच्याशी फारसं कोणी बोललं नाही. अनंतबाब रडले. ते खरंच रडतायत का, हे मी शेवटपर्यंत बघत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला.

तो गेला तेव्हा त्याच्या नावावर तो संशय तसाच होता. त्याची आई घरात होती. तिला त्या संशयाबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही, असं घरचे म्हणतात. गावात असं लपून राहत नाही.

शाबा, नीट जा.

आज सकाळी संघटनेचं ऑफिस उघडलं. सर्व्हरचा पासवर्ड बदलायचा होता. मागच्या खुर्चीवर कोणी बसल्याशिवाय अनंतबाबांनी कॉम्प्युटरसमोर बसायला नकार दिला.