चाकासमोरचं लिंबू

लिंबू कापल्याचा वास आला की मला शिवडीच्या गोदामाबाहेरची ती सकाळ आठवते. परळच्या ऑफिसातली नोकरी सुटली होती, बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून मी ट्रकचं लायसन्स काढलं होतं आणि मालकाने बजावलं होतं, आज गाडी नीट काढलीस तरच उद्या ये. पहिल्या फेरीला नव्या ड्रायव्हरने चाकाखाली लिंबू चिरडून निघायचं, अशी तिथली रीत. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने खाली उतरून पुढच्या चाकासमोर लिंबू ठेवलं, मी घाबरत क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागे गेली! हमाल खो खो हसले, मालक ओरडतच केबिनबाहेर आला. "मीच म्हटलं त्याला शेठ, जरा मागे घे, लिंबू नीट ठेवायचंय," म्हातारा शांतपणे म्हणाला. मग तेच लिंबू कापून त्याने माझ्या पाण्याच्या बाटलीत पिळलं. "आधी पी. चाकाला दुसरं आणू." आता माझ्या हाताखाली नवा ड्रायव्हर यायचा असला की मी लिंबं दोन घेतो. "चाकाला एकच लागतं ना?" बायको विचारते. मी म्हणतो, "चाकाला एकच लागतं."